झोपाळा सापडला

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनच करणार होते, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मलाही बोलताना रडू आलं असतं. म्हणून लिहिते आहे.

आपला झोपाळा सापडला. दिवेआगरला.

शनिवारी तिथे एका घरगुती खानावळीत जेवायला थांबलो होतो. पडवीत झोपाळा, त्यावर एक आजी अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेल्या. पितळी कड्या बघूनच पोटात कालवलं. डावीकडच्या मोराची चोच तुटलेली! तरी खात्री होईना, म्हणून फळीच्या खालून हात फिरवला. आजोबा पान लावून झालं की बोटाचा चुना तिथेच पुसायचे, आणि आई, तू दर दिवाळीला तो खरवडायचीस. अजून आहे गं. खडबडीत, दगडासारखा झालेला. मी तिथेच खाली बसले.

३ जून २०२० च्या त्या दुपारच्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या आपल्या वाडीत काही उरलं नव्हतं. पोफळी मोडलेल्या, कौलं उडालेली, वीज कित्येक दिवस नाही. मी डोंबिवलीतून एकच धोशा लावला, घर काढा, सामान देऊन टाका, इकडे या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तुम्हाला तेवढं थांबायला लावणं मला पटत नव्हतं, आजही पटत नाही. पण बाबा म्हणाले होते, "झोपाळा तेवढा नेऊ या." आणि मी म्हटलं, "दोन खोल्यांत टांगणार कुठे?" घंगाळाची, समयांची आठवण आई काढते. झोपाळ्याचं बाबांनी त्यानंतर नाव घेतलेलं नाही. बाबा, चुकलं माझं. टांगता आला नसता, तरी आणायला हवा होता.

दिवेआगरच्या त्या घरावरही त्याच दिवशी माड पडला होता. त्यांचा झोपाळा त्याखाली चेचला गेला. आजींना पडवीत करमेना, म्हणून मुलाने जुनं सामान घेऊन फिरणाऱ्या एका टेम्पोतून हा उतरवून घेतला. सगळं ऐकल्यावर तिथल्या वहिनी म्हणाल्या, "तुमचा आहे, घेऊन जा." आजी काही बोलल्या नाहीत, नुसती फळीची कड धरून बसल्या. मला बघवेना. राहू दे म्हटलं. आई, रागावू नकोस.

निघताना आजी म्हणाल्या, "वडलांना घेऊन ये, बसू दे त्यांना घटकाभर." थंडी पडली की गाडी करते, माणगाववरून जाऊ. गुडघ्याचा पट्टा लावा म्हणजे झालं.

आणि एक. कड्या फार कुरकुरतात, खोबरेल घालून पाहिलं तरी थांबत नाहीत म्हणे. बाबा, तुम्ही गणपतीच्या आधी त्यांना काय लावायचात? आईला सांगा, ती मला फोनवर सांगेल. त्यांना कळवायचं आहे.

तुमची,
मनी