जॅक यंगचे जगज्जेतेपद नशिबाचे नव्हते

ॲडलेड
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र बुधवारी मिळाले. घरची खुशाली कळली, गॅरेजचे छप्पर पावसाआधी पुरे झाले हे वाचून बरे वाटले. मात्र पत्राच्या शेवटी तू जे लिहिले आहेस ते चार दिवस माझ्या मनात घोळते आहे. मी मागे स्पीडवेचा, म्हणजे भुसभुशीत मार्गावरच्या मोटारसायकल शर्यतींचा, ऑस्ट्रेलियन जगज्जेता जॅक यंग याच्याबद्दल लिहिले होते, त्यावर तू म्हणतोस की 1951 च्या अंतिम स्पर्धेत जॅक बिग्ज या दुसऱ्या स्वाराच्या तोंडचा घास निसटला आणि तो आयता यंगच्या ताटात पडला, एवढीच ती गोष्ट. मला हे मुळीच मान्य नाही. ते का मान्य नाही, हे आज सविस्तर लिहितो.

आधी यंत्राविषयी सांगतो, कारण इंजिनात हात घालून आयुष्य काढलेल्या माणसाला त्याच्याशिवाय पुढचे पटणार नाही. स्पीडवेच्या मोटारसायकलला ब्रेक नसतात. गिअर एकच असतो. यंगच्या काळी तिच्यावर लंडनच्या टॉटनहॅम भागात तयार होणारे ‘जॅप’ कंपनीचे 500 सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन असे, ते मिथेनॉलवर चाले आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल जळे. तो वास ज्याच्या नाकात एकदा बसला तो त्याला जन्मभर विसरत नाही, असे इथले म्हातारे लोक सांगतात. तुझ्या गॅरेजातल्या येझदीचे मूळ घराणे जे जावा, त्याच जावाने पुढे या खेळासाठी गाड्या केल्या आणि जॅपचा जमाना संपवला, पण ती नंतरची हकिकत आहे.

चार स्वार एका रांगेत उभे राहतात, समोरच्या फिती झटकन वर उडतात आणि मिनिट-सव्वा मिनिटात लंबवर्तुळाकार, भुसभुशीत मार्गावर डावीकडे वळत वळत चार फेऱ्या पुऱ्या होतात. वळणावर स्वार थ्रॉटल मिटत नाही, उलट उघडतो. मागचे चाक मोकळे सुटून बाहेरच्या अंगाला घसरते, पुढचे चाक उजवीकडे वळवलेले असते, गाडी मात्र डावीकडे जाते, आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर घासत स्वार तो सगळा तोल सांभाळतो. ब्रेकचे जे काही काम आहे ते त्या घसरण्यातूनच साधायचे असते. मी इथे बंदराकडच्या गिलमन ट्रॅकवर हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा पहिल्या दोन शर्यती मला नीट दिसल्याच नाहीत, कारण प्रत्येक वळणावर आता हा पडणार असे वाटून माझे डोळे आपोआप मिटत होते.

पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि चौथ्याला भोपळा. जागतिक स्पर्धेच्या अंतिम रात्री 16 स्वार आणि 20 शर्यती असत. प्रत्येकजण पाचदा उतरे आणि बाकीच्या पंधरांपैकी प्रत्येकाशी त्याची एकदा गाठ पडे. म्हणजे जास्तीत जास्त गुण 15.

आता 1951 च्या सप्टेंबरची ती रात्र पाहा. लंडनमधले वेम्ब्लीचे स्टेडियम दिव्यांनी उजळलेले आणि 90 हजारांहून अधिक माणसे जमलेली. ऑस्ट्रेलियाचाच जॅक बिग्ज चार शर्यतींत चार वेळा पहिला येऊन 12 गुणांवर होता. पाचव्या शर्यतीत त्याला फक्त एक गुण हवा होता, म्हणजे तिसरा आला तरी जगज्जेता. तो शेवटचा आला. त्याच्याबद्दल मलाही हळहळ वाटते, आणि तुझ्या मनात तेवढेच राहिले यात नवल नाही. पण त्यानंतर काय झाले ते तू सोडून दिलेस. बिग्ज, इंग्लंडचा स्प्लिट वॉटरमन आणि यंग, तिघांचेही 12 गुण झाले होते. म्हणजे यंगने त्या रात्री स्वतःच्या पाच शर्यतींत बिग्जइतकेच गुण कमावले होते; कोणी ते त्याच्या ओंजळीत टाकले नव्हते. मग तिघांची निर्णायक शर्यत झाली. यंग पहिला आला, वॉटरमन दुसरा, बिग्ज तिसरा. नशिबाने फार तर त्या शर्यतीचे दार उघडले असेल, चार फेऱ्या यंगनेच मारल्या. शिवाय वॉटरमन आधी वेम्ब्लीच्याच संघाकडून खेळलेला, तो मार्ग त्याच्या अंगवळणी पडलेला होता.

आणि यंग कुठून आला होता? एडिंबरो मोनार्क्स या स्कॉटलंडमधल्या संघाकडून तो 1949 पासून ब्रिटनमध्ये शर्यती करत होता आणि हा संघ लीगच्या दुसऱ्या श्रेणीत होता. मोठी नावे, मोठी गर्दी आणि मोठा पैसा पहिल्या श्रेणीत, मुख्यतः लंडनच्या संघांकडे. दुसऱ्या श्रेणीतला स्वार तोवर कधी जगज्जेता झाला नव्हता. आठवडाभर ज्या तोडीचे प्रतिस्पर्धी समोर असतात त्याच तोडीची सवय हाताला लागते, हे तू तुझ्या तालमीच्या दिवसांत मला कितीदा सांगितले आहेस. मग ज्याने तालुक्याच्या आखाड्यात घाम गाळला त्याने थेट कोल्हापुरात येऊन नामवंत मल्लांना चीत केले, तर त्याला तू नशीब म्हणशील का? मला तरी यंगच्या सबंध कारकिर्दीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. तेव्हा तो अवघा 26 वर्षांचा होता.

त्या श्रेणीत धोका कमी होता असेही समजू नकोस. ग्लासगोच्या ॲशफील्ड संघाकडून केन ल ब्रेटन नावाचा आणखी एक ऑस्ट्रेलियन त्याच श्रेणीत धावत असे. त्याच्या पांढऱ्या पोशाखामुळे लोक त्याला पांढरे भूत म्हणत. यंग जगज्जेता झाला त्याच वर्षीच्या जानेवारीत सिडनीच्या ट्रॅकवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत झालेल्या अपघातात तो गेला. हे स्वार ब्रिटनचा उन्हाळा संपला की ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात येऊन पुन्हा शर्यती करत, त्यामुळे विश्रांतीचा हंगाम असा त्यांना नव्हताच. त्या सप्टेंबरमध्ये वेम्ब्लीच्या फितींसमोर उभे राहताना यंगला केनची आठवण आली असेल, असे मला राहून राहून वाटते.

तुझ्या शंकेचे खरे उत्तर 1952 ने दिले. वेस्ट हॅम या लंडनच्या संघाने एडिंबरोला 3,750 पौंड मोजून यंगला आपल्याकडे घेतले आणि स्पीडवेच्या बदलीत तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. आता तो पहिल्या श्रेणीत आला, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि गतवर्षीचा विजय चुकून मिळाला असे म्हणणारे तुझ्यासारखे लोक तेव्हाही असतीलच. सप्टेंबरमध्ये पुन्हा वेम्ब्ली, पुन्हा अंतिम रात्र. यंगने 15 पैकी 14 गुण मिळवले. 1950 चा जगज्जेता आणि वेम्ब्ली संघाचाच स्वार असलेला वेल्सचा फ्रेडी विल्यम्स 13 गुणांवर राहिला, इंग्लंडचा बॉब ओकली 12 वर. या वेळी निर्णायक शर्यतीची गरज पडली नाही. जगज्जेतेपद दोनदा मिळवणारा, आणि तेही लागोपाठ, असा यंग पहिलाच. पुढे न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जने 1957 आणि 1958 मध्ये तसे केले.

नशिबाचाच हिशेब मांडायचा तर या स्पर्धेच्या पहिल्या वर्षाकडे, 1936 कडे बघ. त्या रात्री ब्लूई विल्किन्सन हा ऑस्ट्रेलियन एकही शर्यत हरला नाही, तरी आधीच्या फेऱ्यांतले जादा गुण अंतिम गुणांत धरण्याच्या पद्धतीमुळे विजेतेपद त्याच्याच देशाच्या लायोनेल व्हॅन प्रागकडे गेले. विल्किन्सनला ते 1938 मध्ये मिळाले. अन्याय म्हणायचा तर तो तिथे झाला.

यंग पुढे ॲडलेडला परतला, 1960 च्या सुमारास कॉव्हेंट्रीच्या संघाकडून पुन्हा ब्रिटनमध्ये धावला आणि 1987 मध्ये वारला. त्याच्यानंतर ऑस्ट्रेलियाला पुढचा स्पीडवे जगज्जेता 2004 मध्ये, जेसन क्रम्पच्या रूपाने मिळाला. मध्ये 52 वर्षे गेली. इथे जन्मलेल्या तरुण मुलांना मी यंगचे नाव विचारतो तेव्हा बहुतेकांना ते ठाऊक नसते, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम इथल्या ब्रॉम्प्टन भागात गेलो. यंग जिथे धावत असे ते राउली पार्क नावाचे शर्यतींचे मैदान तिथे होते. 1979 मध्ये ते बंद झाले आणि आता त्या जागी घरे आहेत. एका घरासमोर माझ्याच वयाचे एक गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. मी ट्रॅकविषयी विचारले तेव्हा त्यांनी नळ बंद केला, रस्त्याच्या टोकाकडे हात केला आणि लहानपणी घरात झोपायला पडल्यावरही शर्यतींचा आवाज कसा ऐकू येत असे ते सांगू लागले. आम्ही तासभर उभे होतो.

तू पुढच्या वर्षी मुलाकडे मेलबर्नला येशील तेव्हा चार दिवस माझ्याकडे काढ. आपण गिलमनला शर्यत पाहू. तोवर एवढे कळव की एरंडेलाचे वंगण घातलेले इंजिन तू कधी उघडले आहेस का, आणि ते थंड पडल्यावर तेल खरोखरच डिंकासारखे चिकटते का. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र