विषय: नांगराच्या साखळीचे रंगीत मार्कर, आणि "पाणी लागलं होतं का" हा तुमचा प्रश्न

कस्टमर केअरचे मॅनेजर आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते,

काल दुपारी तुमच्या लोकांशी ४१ मिनिटं बोलून फोन ठेवला, रात्रभर झोप आली नाही, आणि आता हे लिहायला बसलोय. हा तिसरा फोन होता. तिकीट नंबर, बिल, फोटो सगळं तुमच्याकडे आधीच आहे, ते परत मागू नका.

चेन मार्करचा सेट, म्हणजे साखळी किती मीटर गेली हे कळावं म्हणून कड्यांत बसवायचे प्लास्टिकचे रंगीत तुकडे, हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच विकता. ८ एमएमच्या साखळीसाठी घेतला, दर १० मीटरला दोन कड्यांत दोन मार्कर. तुमच्या कार्डवरचा रंगांचा क्रम मी जसाच्या तसा पाळला, १० ला पिवळा, २० ला लाल, ३० ला निळा, ४० ला पांढरा, ५० ला हिरवा. साखळी धुऊन, वाळवून, जेटीवर टेप लावून मोजून बसवले. भाच्याने आणि मी मिळून अख्खी सकाळ घातली त्यात. त्यामुळे "फिटिंग चुकलं असेल" हे तुमच्या पहिल्या फोनवालीचं म्हणणं मी ऐकून घेणार नाही.

मी २६ वर्षं जहाजांवर काढली, शेवटची नऊ सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. जहाजावर साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर, १५ फॅदम, आपल्याकडचे म्हातारे तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटींचे कप्तान, त्याला १५ वाव म्हणतील. दोन शॅकल जिथे जोडतात त्या पहिल्या जोडाच्या दोन्ही बाजूची पहिली कडी पांढरी रंगवायची आणि तिच्या मधल्या दांडीवर तारेचे वेढे द्यायचे, दुसऱ्या जोडाला दुसरी कडी, तिसऱ्याला तिसरी. रंग उडाला तरी तार राहते. पांढरा रंग आणि तार, बस, एवढ्यावर लाखभर टनांची जहाजं उभी राहतात. अमेरिकन नेव्हीत तर शेवटून दुसरा शॅकल पूर्ण पिवळा आणि शेवटचा पूर्ण लाल रंगवतात, म्हणजे लाल दिसला की समजायचं, साखळी संपत आली, आता आवरा. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की नांगरावर उभ्या असलेल्या माणसाला साखळी किती गेली हे एका नजरेत कळलंच पाहिजे, त्याच्यावर बोट आणि बोटीतली माणसं असतात. हे ज्याला माहीत नाही त्याने मार्कर विकायला बसू नये.

मग मी प्लास्टिकचे का घेतले? कारण रिटायर झाल्यावर ३१ फुटी जुनी शिडाची बोट घेतली, तिची साखळी बारीक, बारीक कडीला मधली दांडी नसते त्यामुळे तारेचे वेढे कुठे द्यायचे हा प्रश्न, आणि गॅल्वनाइजवर मारलेला स्प्रे एका सीझनमध्ये निघून जातो. जिप्सीच्या, म्हणजे साखळी ओढणाऱ्या चाकाच्या, खाचांतून रोज घासून जाते ती साखळी, वर आपल्या खाड्यांतला काळा चिखल. त्यात तुमच्या पाकिटावर लिहिलेलं, जिप्सीतून आरामात जातो, दिवसा-रात्री स्पष्ट दिसतो, पाच वर्षं टिकतो. तुमचे दोर आणि फेंडर (बोटीच्या कडेला धक्का बसू नये म्हणून लटकवायचे फुगे) मी चार वर्षं वापरतोय, चांगले निघाले, म्हणून डोळे झाकून विश्वास टाकला. दुसऱ्या कुणाचं असतं तर आधी दोन तुकडे घेऊन बघितले असते.

पहिल्याच ट्रिपला, जयगडच्या खाडीतल्या खाडीत, पिवळे दोन्ही गळाले. तेव्हाच पहिला फोन केला. "सर नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो" असं उत्तर मिळालं. प्लास्टिकचा तुकडा सेट व्हायला वेळ लागतो म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

जानेवारीत आम्ही जयगडहून विजयदुर्गला गेलो. मी, भाचा आणि त्याचा एक मित्र. दिवस मावळल्यावर आत शिरलो, नांगर टाकेपर्यंत सात वाजले, आदल्या दिवशी अमावस्या झालेली त्यामुळे मिट्ट काळोख. त्या वेळी ओहोटी संपत आलेली, पाणी ४ मीटर. उधाण होतं, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या भरतीला दोन मीटर तरी चढणार, बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर, झाले सात. नांगर धरून राहावा म्हणून साखळी या उंचीच्या पाचपट धरली तर ३५ मीटर, मी म्हटलं ४० सोड, पांढरा आला की थांब. मी सुकाणूवर, भाचा पुढे डोक्याला लाल बॅटरी लावून, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि मग काळोखात आजूबाजूच्या होड्या दिसत नाहीत. रात्री नांगरताना पुष्कळ जण लाल बॅटरीच वापरतात, तुम्हालाही माहीत असायला हवं.

त्याला फिकट काहीतरी जाताना दिसलं, तो ओरडला "मामा, पांढरा!" आणि त्याने ब्रेक आवळला.

तो पांढरा नव्हता, लाल होता. लाल उजेडात लाल रंग पांढऱ्यासारखाच दिसतो, ज्याला खात्री करायचीय त्याने घरातले दिवे मालवून बघावं. पिवळे आधीच पडलेले, त्यामुळे मधला एखादा रंग दिसला नाही तर तोही पडला असेल असंच आम्ही दोघं धरून चाललेलो. म्हणजे पाण्यात ४० नाही, २० मीटर होती. तुम्ही लाल आणि पांढरा दोन्ही एकाच सेटमध्ये घातलेत आणि वर रात्री स्पष्ट दिसतो असं छापलंत, हे छापण्याआधी एका माणसाने तरी एका रात्री बोटीवर जाऊन बघितलं होतं का?

साडेतीनच्या सुमाराला ओहोटी जोरात सुरू झालेली आणि त्यात मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली, दोन्ही एकाच बाजूला. मोबाइलचा अँकर अलार्म वाजला, मी वर आलो तोवर नांगर घसरून आम्ही बांधलेल्या ट्रॉलरांच्या रांगेकडे चाललेलो. एका ट्रॉलरवरून तांडेल ओरडला, "ए, नांगर घसरला तुझा, मशीन मार!" तो ओरडला म्हणून वेळेवर मशीन सुरू झालं. त्याच्या नाळेपासून आम्ही दोन हातांवर होतो, भाच्याच्या मित्राने पाय लावून ढकललंय, वीस वर्षांचा पोरगा. त्याचा पाय मधे सापडला असता तर आज मी तुम्हाला पत्र लिहीत बसलो नसतो, दुसरीकडेच गेलो असतो.

पांढरी बॅटरी लावून बघितलं तर बो रोलरच्या, म्हणजे नाळेवरच्या साखळीच्या कप्पीच्या, जरा आत लाल मार्कर, समोर. तेव्हा कळलं काय झालं ते. नांगर उचलून पुन्हा टाकायला गेलो तर निळ्यांपैकी एक मार्कर जिप्सीत चिरडून अडकला, साखळी खाचेतून उडाली आणि धडाधड सुटली. भाच्याने हात वेळेवर मागे घेतला.

आता काल. काल तुमच्या माणसाने मला जे विचारलं ते शब्दाला शब्द लिहितोय, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणार, जुळवून बघा. मी सगळी हकीकत सांगितली, वर लिहिली तशीच, त्याने मधे एकदाही काही विचारलं नाही. मग म्हणाला, "सर, प्रॉडक्टला पाणी लागलं होतं का?"

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. म्हटलं, "काय?"

"सर, प्रॉडक्टला पाणी लागलं होतं का?"

मी म्हटलं, "अरे बाळा, हे बोटीच्या नांगराच्या साखळीला लावतात."

"हो सर, ते आहे माझ्यासमोर. पण पाणी लागलं होतं का?"

"नांगर समुद्रात टाकतात. साखळी समुद्रात जाते. मार्कर साखळीत असतो."

"म्हणजे मी येस टाकू का सर?"

मी म्हटलं टाक. कीबोर्डचा आवाज आला, आणि तो म्हणाला की सर मग हे लिक्विड डॅमेजमध्ये जातं, लिक्विड डॅमेज वॉरंटीत कव्हर होत नाही. मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. तो पोरगा हॅलो हॅलो करत होता. त्या पोराचा मला राग नाही, त्याला समोर जे दिसतंय ते वाचतोय, राग ज्याने मोबाइल फोनसाठी बनवलेला फॉर्म उचलून नांगराच्या सामानाला लावला त्याचा आहे. तो माणूस तुमच्याकडे पगार घेतो.

मग सीनियर आला. सीनियर म्हणाला मार्कर पडतानाचा व्हिडिओ असेल तर पाठवा. पडतानाचा! काळ्याकुट्ट पाण्यात, चार मीटर खाली. आणि शेवटी म्हणाला, "सर, साखळी किती सोडली हे लक्षात ठेवणं तर युजरची जबाबदारी असते ना." अहो, लक्षात राहत नाही म्हणूनच तर खुणा करतात! जगातल्या प्रत्येक जहाजावर करतात. हे वाक्य तुमच्या कंपनीतला सीनियर माणूस बोलला, ज्याच्या पगाराचे पैसे खुणा विकून येतात. २६ वर्षांत मला कप्तानांनी शिव्या घातल्यात, त्यांचा असा अपमान वाटला नाही, कारण त्यांना काम येत होतं.

मार्कर का पडतात तेही सांगतो, फुकट. पाकिटावर तुम्ही ८ आणि १० एमएम दोन्हीला चालतो असं लिहिलंय. एकच तुकडा दोन्ही मापांना बसूच शकत नाही. ८ च्या साखळीत एक कडी आतून २४ एमएम लांब, १० च्या साखळीत डीआयएन या जर्मन मानकाची असेल तर २८ आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची असेल तर ३०. रुंदीही वेगळी. माझ्या ८ च्या कडीत तुमचा तुकडा अर्धा वर उरतो, तो वर उरलेला भाग जिप्सीच्या खाचेत दाबला जातो आणि चिरडून बाहेर फेकला जातो. उरलेल्या मार्करवर दाताने चावल्यासारख्या खुणा आहेत, सगळ्यांवर एकाच बाजूला. व्हर्नियरने मोजून फोटो काढलेत, दोनदा मेलही केलेत. उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

त्या सकाळी तो तांडेल होडीतून आमच्याकडे आला. मी माफी मागितली, त्याने हात झटकला आणि साखळी बघायला मागितली. तुमचा मार्कर नखाने उचकटून त्याने माझ्या हातात ठेवला, काही बोलला नाही. मग त्याच्याकडची जाळ्याची जुनी हिरवी नायलॉन दोरी दिली, मिठाने ताठ झालेली. १० मीटरला एक गाठ, २० ला लागोपाठच्या दोन कड्यांत दोन, ३० ला तीन, अशा बांधायच्या, बोटभर शेपूट ठेवायचं, टोक लायटरने जाळायचं. रंग बघायचाच नाही. काळोखात ब्रेक आवळून साखळीवरून हात फिरवला की गाठी मोजता येतात. ८ एमएमची ६० मीटर साखळी म्हणजे ८४ किलोच्या आसपास, ती सगळी जेटीवर दहा-दहा मीटरच्या घड्यांत पसरून आम्ही दुपारपर्यंत गाठी मारल्या, वर प्रत्येक खुणेला अर्धा मीटर पांढरा रंग. रंग जाईल, दोरी वर्ष-दोन वर्षांनी झिजेल, तेव्हा परत बांधेन. दोरी मऊ असते, जिप्सीत दबून जाते, अडकत नाही. तेव्हापासून आठ-नऊ वेळा नांगर टाकला, एक गाठ सुटली नाही. शून्य रुपये खर्च.

आता मला काय पाहिजे. सेटचे पूर्ण पैसे परत, कूपन नको, तुमच्याकडून परत काही घ्यायची इच्छा राहिलेली नाही. दोर आणि फेंडरसुद्धा नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, चार वर्षं मी लोकांना तुमचं नाव सांगत आलोय. पाकिटावरून "८ आणि १० दोन्हीला" हे काढा, कडीचं माप एमएममध्ये छापा, लाल आणि पांढरा एका सेटमध्ये देऊ नका, आणि लाल बॅटरीत रंग ओळखता येत नाहीत हे मोठ्या अक्षरात लिहा. ज्यांनी आधीच घेतलेत त्या सगळ्यांना कळवा, तुमच्याकडे त्यांचे नंबर आहेत, दिवाळीची ऑफर बरोबर पोचते त्यांना. आणि "पाणी लागलं होतं का" हा प्रश्न नांगराच्या सामानाच्या फॉर्ममधून काढून टाका.

१५ दिवस वाट बघेन. नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार आणि मग रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात केस. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो, मला वेळच वेळ आहे. भाचा आणि त्याचा मित्र साक्षीला येतील, तांडेलही येतो म्हणालाय.

उरलेले मार्कर आज कुरियरने पाठवतोय, चिरडलेला निळा वेगळ्या पिशवीत आहे. चौथा फोन करणार नाही आणि तुमचा उचलणारही नाही. उत्तर लेखी द्या, खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा पाहिजे.

तुमचा चार वर्षांचा ग्राहक,
रत्नागिरी