बायोसवाल्या भाऊंना जाहीर आभारपत्र

भाऊ, स.न.वि.वि.

चिप लेव्हलचं (बोर्डावरच्या चिपांचं) काम करणारे सहसा "ठेवून जा, संध्याकाळी या" एवढंच सांगतात. आम्ही लॅपटॉपचा वेग वाढवायचं डोक्यात घेऊन आलो, तर एम. जी. रोडच्या तुमच्या दुकानात तुम्ही आम्हाला काउंटरच्या आत घेतलंत आणि बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिप मायक्रोस्कोपखाली दाखवलीत. म्हणून हे आभार चारचौघांत, आणि तुम्ही शिकवलेल्या तपशिलासकट.

सगळ्यात मोठे उपकार म्हणजे काय होणार नाही ते तुम्ही आधीच सांगितलंत. आमच्या आय७-८७५०एच प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) कारखान्यातूनच लॉक येतो. कुठलाही बायोस मारा, ४.१ गिगाहर्ट्झच्या वर तो जाणार नाही. त्यासाठी नावात 'एचके' असलेला प्रोसेसर लागतो. आपल्या हातात उरतं ते व्होल्टेज कमी करणं. नाशिकच्या मे महिन्यात पातळ लॅपटॉपचा टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) उष्णतेनेच कोसळतो. व्होल्टेज उतरवलं की तेवढ्याच उष्णतेत क्लॉक, म्हणजे वेग, जास्त टिकतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी ही सोय बंद केली. थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलायच्या प्रोग्राममध्ये 'लॉक्ड' दिसतं ते त्यामुळे. हे कुलूप सुरक्षेसाठी आहे, काढायचं तर समजून काढा, हेही तुम्ही बजावलंत.

मग बायोस चिपचा बॅकअप. चार्जर काढायचा, बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मदरबोर्डवरचा सेलही काढायचा, आणि मगच चिपवर प्रोग्रामरची क्लिप; लाल वायर चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला. काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरच्या (चिप वाचायच्या-लिहायच्या उपकरणाच्या) डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात आणि चिप असते ३.३ची, म्हणून तुमचा प्रोग्रामर सुधारून घेतलेला. विनबाँड कंपनीच्या २५क्यू६४ चिपच्या नावात शेवटी 'एफव्ही' असेल तर ३.३ व्होल्ट, 'एफडब्ल्यू' असेल तर १.८, तिला ॲडॉप्टर हवाच. चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही फायलींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) जुळवायचा. जुळला नाही तर क्लिप नीट बसलेली नाही. फाइलभर नुसतं 'एफएफ' असेल तर चिप वाचलीच गेली नाही असं धरायचं. आणि मित्राच्या लॅपटॉपचा डंप (चिपमधून वाचलेली फाइल) मारायचा नाही. सिरियल नंबर आणि विंडोजची की त्यात त्याची असते.

आम्ही बदललेला बायोसच फ्लॅश करायच्या तयारीत होतो. तुम्ही थांबवलंत. बूट गार्ड (सुरू होताना बायोसची सही तपासणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर सही केलेल्या भागातला एक बाइट बदलला तरी स्क्रीन काळी राहू शकते. त्यापेक्षा युईएफआय टूल या प्रोग्रामने बॅकअपमधून सेटअप मॉड्यूल (सेटिंगांचा भाग) काढायचं, आयएफआर एक्स्ट्रॅक्टर या प्रोग्रामने त्याचा वाचता येईल असा मजकूर करायचा आणि त्यात 'ओव्हरक्लॉकिंग लॉक', म्हणजे ते कुलूप, शोधायचं. तिथला ऑफसेट (सेटिंगच्या जागेचा आकडा) लिहून घ्यायचा, पण कुठल्या व्हेरिएबलचा (सेटिंगांच्या गटाचा) तेही. ऑफसेट 'सीपीयू सेटअप'चा असताना 'सेटअप'मध्ये लिहिला तर भलतीच सेटिंग बदलते. दुसऱ्याने दिलेला आकडा तर नकोच. त्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीतही तो सरकतो. पेन ड्राइव्हवरच्या सुधारित ग्रबमधून (विंडोजऐवजी सुरू होणाऱ्या बूट प्रोग्राममधून) त्या ऑफसेटवर १ चं ० करायचं. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) थांबवायचा, रिकव्हरी की जवळ ठेवायची आणि सिक्युअर बूट बंद करायचं. लिहिणं चुकलं आणि डिस्प्ले गेला तर सेल काढून उपयोग होईलच असं नाही, कारण ही सेटिंग बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच फ्लॅश चिपमध्ये असते. तिथे हॅश जुळवलेला बॅकअपच कामी येतो.

पुढचं सोपं. थ्रॉटलस्टॉपमध्ये प्रोसेसरच्या कोअर आणि कॅश दोन्हींना उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात, मग १०-१० ने खाली. एकट्या प्राइम९५ वर (प्रोसेसरवर ताण देऊन तपासणाऱ्या प्रोग्रामवर) भरवसा नाही. लोड उतरतानाही मशीन अडकतं. एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्राममध्ये 'व्हीया' एरर (विंडोजने नोंदवलेली हार्डवेअरची चूक) दिसली की २० मिलिव्होल्ट मागे यायचं. आकडा पक्का होईपर्यंत तो विंडोजसोबत आपोआप लागू करायचा नाही, नाहीतर लॅपटॉप सुरू होताच लटकेल आणि बदलायला वेळच मिळणार नाही.

एवढं सगळं शिकवून तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त थर्मल पेस्टचे. १.८ व्होल्टचा ॲडॉप्टर अजून आमच्याकडेच आहे, शनिवारी दुकानात आणून देतो.

आपले,
इंदिरानगरची मंडळी