नुसतं वय बघून केमो ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजना लागू झाली. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. पाठोपाठ 2025 च्या अर्थसंकल्पात, तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रं (उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जायची) उघडायची घोषणा झाली. उत्तमच. पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाला केमो झेपेल की नाही, हे तिथे कोण आणि कसं ठरवणार?

आज ते बऱ्याचदा केसपेपरवरच्या वयावरून ठरतं. माझ्या आत्याला 76 व्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला. जवळच्या एका रुग्णालयात तिच्यादेखत आम्हाला विचारलं गेलं, 'आता या वयात कशाला त्रास देता?' आत्या तेव्हा स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत होती. उलट, पासष्टीच्या एखाद्याचं वजन झपाट्याने उतरलेलं असतं, चालताना तोल जात असतो, आणि त्याला मात्र पुरा डोस लागू होतो.

केमो झेपेल का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती वेळ लागतो, अलीकडे कधी पडलात का, जेवण किती जातं, विसरायला होतं का, घरी करणारं कोण आहे, एवढं नीट विचारायचं. आणि औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची. आत्याच्या पिशवीतून साखरेच्या, बीपीच्या गोळ्यांसोबत सांधेदुखीवरचं बिननावाचं चूर्ण आणि चक्क सुनेच्या पित्ताच्या गोळ्या निघाल्या!

अमेरिकेत सत्तरीपुढच्या 718 रुग्णांवरचा एक अभ्यास 2021 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अशा तपासणीचे निष्कर्ष आणि सूचना डॉक्टरांच्या हाती दिल्या, त्या गटात 51 टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. न दिलेल्या गटात 71 टक्क्यांना. आयुष्यमानात मात्र घट दिसली नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 2018 पासून ज्येष्ठांसाठी असं वेगळं क्लिनिक चालतं. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आजोबांनी त्यासाठी परळ गाठायचं का?

संशोधनाचीही तीच रड. नव्या औषधांच्या चाचण्यांत बहुतेक धडधाकट, तुलनेने तरुण रुग्ण घेतले जातात आणि त्यांच्यावर ठरलेला डोस मग मूत्रपिंड थकलेल्या ऐंशीच्या माणसाला द्यायची वेळ येते. सिस्प्लॅटिन हे केमोचं नेहमीचं औषध न झेपणाऱ्या डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन टाटाने अभ्यास केला, तो उपयोगी ठरला. असे अभ्यास आणखी हवेत.

आरोग्य विभागाने निदान एवढं करावं: प्रत्येक डे केअर केंद्रात एका परिचारिकेला या तपासणीचं प्रशिक्षण द्यावं आणि मराठीत छापलेला प्रश्नांचा फॉर्म पहिल्या केमोआधी सक्तीचा करावा. तो भरताना प्रश्न रुग्णालाच विचारावेत. 'आजीला काही सांगू नका' म्हणणारे नातेवाईक थोडा वेळ बाहेर बसले तरी चालतील.

आपला,
एक वाचक, कराड