अमेरिकेतला एचआयव्ही आणि ‘त्या लोकां’चं वागणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक एड्स दिनानिमित्त आपल्या पुरवणीत अमेरिकेतल्या एचआयव्हीवर आलेला लेख वाचला. नव्या औषधांची माहिती चांगली दिली आहे. पण तिथला कृष्णवर्णीय समाज बेजबाबदार वागतो म्हणून साथ आटोक्यात येत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात ओघाओघात येऊन गेलं आहे, आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी मूळची मिरजेची. बी.फार्म. तिकडेच केलं आणि गेली बावीस वर्षं अटलांटाच्या परिसरात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. त्या वाक्यातली माणसं रोज माझ्या काउंटरपलीकडे उभी असतात.

आकडे लेखकाच्या बाजूचे वाटतात, हे मान्य. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १२ टक्के, पण २०२२ मध्ये एचआयव्हीचं नव्यानं निदान झालेल्या सुमारे ३८ हजार लोकांत त्यांचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास होता. मूळचे लॅटिन अमेरिकेतले लॅटिनो १९ टक्के, निदानात ३३. जवळजवळ निम्मी निदानं आमच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली. हाच वेग राहिला तर कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांत दर दोघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी लागण होईल, असं सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं होतं. गोऱ्यांमध्ये तेच प्रमाण अकरांत एक होतं. हे वाचून कुणाच्याही मनात वागण्याचाच विचार येईल. माझ्याही आला होता. इथल्या आपल्या गणपतीत नाहीतर दिवाळीच्या फराळाला कुणी ‘त्यांचं तसंच असतं’ म्हणालं की पहिली चार-पाच वर्षं मीही मान हलवायचे.

पण हे कुणीतरी तपासून पाहिलेलं आहे. ग्रेगोरियो मिलेट या संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर अनेक अभ्यास एकत्र करून कृष्णवर्णीय आणि इतर समलिंगी पुरुषांची तुलना केली. त्यांचा एक मोठा आढावा २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कृष्णवर्णीय पुरुष जास्त धोका पत्करत नव्हते. खबरदारी त्यांची इतरांइतकीच किंवा थोडी अधिकच होती. तरीही लागण जास्त. एका वाडीची विहीर दूषित असेल, तर तिथला माणूस पाणी उकळून पिऊनही एखाद वेळी आजारी पडतो आणि शेजारच्या वाडीतला न उकळता पिऊन ठणठणीत राहतो, तसं हे आहे. अमेरिकेतल्या वस्त्या आजही बऱ्याच अंशी रंगानुसार विभागलेल्या आहेत, माणसं जोडीदार आपल्यातलेच शोधतात, आणि ज्या समाजात उपचाराविना राहिलेले लोक जास्त, तिथं एकाच संबंधाचा धोकाही जास्त. वागणूक तीच, विहीर वेगळी.

आणि विहीर साफ करायचा उपाय आपल्याला माहीत आहे. रोज गोळी घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही. २०११ मध्ये ज्या मोठ्या चाचणीनं लवकर उपचाराचा हा फायदा ठामपणे दाखवला, त्या एचपीटीएन ०५२ मध्ये नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्यांत पुण्याची आणि चेन्नईचीही होती. याचा उल्लेख आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. करायला हवा.

मग गोळी पोचत का नाही? अमेरिकेत रायन व्हाइट नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, १९९० पासून. इंडियानातल्या एका शाळकरी मुलाच्या नावानं. हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजारासाठी दिलेल्या रक्तघटकातून त्याला लागण झाली होती. ज्यांना विमा नाही किंवा अपुरा आहे, त्यांच्या तपासण्या आणि औषधं या कार्यक्रमातून होतात. जे त्यात नियमित येतात, त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांचा विषाणू आज आटोक्यात आहे, आणि यांत बहुसंख्य गरीब आणि अल्पसंख्याकच आहेत. म्हणजे तीच माणसं, तोच रंग, तेच ‘वागणं’. दारातून आत आली की सुधारतात. अडचण दाराशी आहे.

हे दार कसं असतं ते सांगते. रायन व्हाइटच्या औषध योजनेत पूर्वी दर सहा महिन्यांनी आपण अजून गरीबच आहोत हे सिद्ध करावं लागायचं. पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याची पावती, राज्यात राहत असल्याचा पुरावा. गोदामात रात्रपाळी करणारा एक मनुष्य माझ्याकडे यायचा. महिन्याच्या महिन्याला, कधी एक दिवस चुकला नाही. मध्येच त्यानं घर बदललं, नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, आणि पुढच्या रिफिलला माझ्या कॉम्प्युटरवर नकार आला. ती गोळी रोख घ्यायची तर महिन्याला काही हजार डॉलर लागतात. कागद पुन्हा जमेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत त्याच्या रक्तात जे वाढलं असेल ते कुणाच्या बेजबाबदारपणाच्या खाती टाकायचं? सहा महिन्यांची ही अट केंद्र सरकारनं २०२१ मध्ये काढली. उशिरा का होईना. त्याआधी २०११ मध्ये तर पैसे कमी पडले म्हणून देशभरात ९ हजारांहून अधिक लोक या औषधांच्या प्रतीक्षा यादीवर होते, आणि त्यात आमच्या जॉर्जिया राज्याचे, म्हणजे अटलांटा ज्यात येतं त्या राज्याचे, पुष्कळ होते. गरिबांचा सरकारी विमा, मेडिकेड, सगळ्या अल्प उत्पन्न असणाऱ्यांना द्यायचा की नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये राज्यांच्या मर्जीवर सोडलं. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास, फ्लोरिडा यांनी तो पूर्णपणे वाढवला नाही. नकाशावर ही राज्यं आणि एचआयव्हीची जास्त निदानं एकावर एक ठेवून बघा.

अविश्वासाबद्दल आपल्या लेखात काहीच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. अटलांटाहून दोन तासांवर अलाबामात टस्कीगी हे गाव आहे. तिथं १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तरी त्यांना ते दिलं नाही. रोग शेवटपर्यंत कसा जातो हे बघायचं होतं. शेवटच्या वर्षांत हा अभ्यास ज्या सीडीसीच्या हाताखाली होता, तिचं मुख्यालय आमच्याच शहरात आहे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

तरी सगळं टस्कीगीवर ढकलणंही मला पटत नाही. तो इतिहास सांगितला की आजच्या दवाखान्याला हात झटकता येतात. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘टस्कीगी मला पुस्तकातून माहीत आहे. माझ्या गावातल्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं ना, की एचआयव्हीसाठी आलात का, ते मला विसरता येत नाही.’ या बाई दीड तास गाडी चालवून माझ्याकडे येतात. वाटेत किमान चार फार्मसी लागतात. त्यांच्या गावच्या फार्मसीत काम करणारी मुलगी त्यांच्याच चर्चमध्ये गाते. माझ्याकडून बाटली घेतली की त्या पार्किंगमध्येच गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओततात. या गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात, ओल लागली तर खराब होतात, हे मी दर वेळी सांगते. दर वेळी त्या हसतात.

लॅटिनो रुग्णांचं दुखणं थोडं निराळं. भाषा, आणि कागदपत्रांची भीती. एकदा एक आई तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दुभाषा म्हणून घेऊन आली. औषध कशाचं आहे हे मी त्या पोराला इंग्रजीत सांगायचं आणि त्यानं आईला स्पॅनिशमध्ये. मी त्याला बाहेर बसवलं, फोनवर दुभाषा मागवला, चाळीस मिनिटं लागली, मागची रांग कुरकुरली. दुकानात स्पॅनिश येणारं एक माणूस असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, प्रेप, इथं २०१२ पासून आहे. सीडीसीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये, जिचा उपयोग होईल अशा गोऱ्या लोकांपैकी ९४ टक्क्यांना ती लिहून दिलेली होती. लॅटिनोंमध्ये २४ आणि कृष्णवर्णीयांमध्ये १३ टक्क्यांना. २०२५ मध्ये लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाची सहा महिन्यांतून एकदा घ्यायची सुई मंजूर झाली. अमेरिकेत तिची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. तिचीच जेनेरिक आवृत्ती हैदराबादच्या कंपन्या २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये गरीब देशांना देणार आहेत. मुंबईच्या सिप्लानं २००१ मध्ये तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरवर आणून जग हलवलं, तेव्हा मी मिरजेत होते आणि आम्हाला केवढा अभिमान वाटला होता. आज गंमत अशी, की हैदराबादची ती सुई आफ्रिकेतल्या गरिबापर्यंत जाईल, मिसिसिपीतल्या गरिबाला मिळणार नाही.

उपाय काय, असं आपण विचाराल. मला कळतं तेवढं सांगते. कागद कमी करा, आणि पहिल्याच दिवशी गोळी हातात द्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयानं हे २०१३ पासून करून दाखवलं आहे. पण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो त्याच समाजातल्या माणसाचा, ज्याला इथं पिअर नॅव्हिगेटर म्हणतात. स्वतः वीस वर्षं गोळ्या घेणारी एखादी बाई नव्या रुग्णाला घेऊन येते, फॉर्म भरते, खिडकीवर त्याच्या आधी स्वतः बोलते. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत पर्नेसा सील यांनी चर्चनाच एड्ससाठी प्रार्थना-सप्ताह पाळायला लावला, तोही याच जातीचा शहाणपणा. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या मदतीनं देहविक्रय करणाऱ्या बायकांनी १९९६ मध्ये ‘व्हॅम्प’ नावाची आपली संघटना उभी केली. कंडोम वाटायचं काम आधीपासून त्याच करत होत्या. शिकलेल्या आम्हा लोकांना तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. डॉक्टर सांगून जे होत नव्हतं, ते त्या गल्लीतल्या बाईनं सांगून होत होतं.

आणि नेमकी हीच माणसं सगळ्यांत कच्च्या पायावर उभी असतात. इथं नॅव्हिगेटरचा पगार वर्षा-वर्षाच्या अनुदानातून येतो. एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातल्या कित्येक शाखा एका फटक्यात बंद झाल्या, आणि त्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना घाम फुटला. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातले, तपासणी करणाऱ्या आयसीटीसीतले समुपदेशक वर्षानुवर्षं कंत्राटावर. सरकारी रुग्णालयातलं यंत्र कायम असतं, रुग्णाशी बोलणारं माणूस कंत्राटी.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या एड्स दिनाला असा लेख छापायचा तर त्याशेजारी एखाद्या समुपदेशकाला किंवा स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला चार ओळी लिहायला सांगा. आणि ‘एड्सग्रस्त’ हा शब्द सरसकट वापरू नका. गोळ्या घेऊन रात्रपाळी करणारा माझा तो ग्राहक कशानं ग्रस्त असेल तर कागदांनी.

पत्र छापलंत तर कृपया माझं नाव देऊ नका. इथले बरेच मराठी लोक आपली ई-आवृत्ती वाचतात आणि या भागात मराठी फार्मासिस्ट बाई फार नाहीत. दुकान कळलं, तर त्या बाईंना दीड तासाच्याही पुढं दुसरी फार्मसी शोधावी लागेल.

आपली,
एक वाचक, अटलांटा (मूळ गाव मिरज)