कांद्याला हमीभाव नको, मोकळं सोडा

प्रिय मन्या,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलायला गेलो तर आपण नेहमीसारखे भांडू आणि वहिनी मधेच फोन काढून घेतील, म्हणून लिहूनच टाकतो. तुझं म्हणणं असं की कांद्याला हमीभावाचा कायदा करावा, सरकारने सगळा माल उचलावा, गोदामं बांधावीत, आणि मी "सरकारने काही करू नये" म्हणतो म्हणजे शेतकरी असून शेठजीची भाषा बोलतो. बरं, शेठजी तर शेठजी, पण ऐक.

2023 घे. फेब्रुवारीत भाव असा पडला की बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे हमाली-तोलाई-भाडं जाऊन 2 रुपये मिळाले, त्याचा चेक पेपरात आला होता, तूच मला पाठवलेलास. तेव्हा सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, तेपण 200 क्विंटलपर्यंतच आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची (मोबाईलवरून पीक नोंदवायची) नोंद हवी. ज्याने नोंद केली नाही त्याने बसायचं तलाठ्याच्या दारात. ठीक आहे, तोपर्यंत मी पण गप्प होतो, मिळतंय ते घ्या म्हटलं. मग ऑगस्टमध्ये चाळीतल्या, म्हणजे साठवणीच्या शेडमधल्या, उन्हाळ कांद्याला जरा बरे दिवस यायला लागले आणि 19 तारखेला, शनिवारी, निर्यातीवर 40 टक्के शुल्क. लगेच लागू. ट्रक रस्त्यात, कंटेनर बंदरात, आणि दिल्लीत व्हॅन लावून 25 रुपये किलोने सरकारी कांदा विक्री. मग बोंब झाली म्हणून क्विंटलला 2410 रुपयांनी दोन लाख टन खरेदीची घोषणा.

आता हे 40 टक्के कोण भरतं ते समजून घे, कारण तुमच्याकडे पुण्यात सगळ्यांना वाटतं एक्सपोर्टर भरतो. कोलंबोत नाहीतर दुबईत आपला कांदा पाकिस्तानच्या मालाशेजारी उभा असतो, तिथला घेणारा तुझ्या शुल्कासाठी एक रुपया जास्त देणार नाही. मग एक्सपोर्टर मागे सरकतो, तो लिलावात कमी बोलतो, व्यापारी अजून कमी बोलतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे उभा असलेला माणूस कुणाला कमी बोलणार? त्याच्या मागे कुणीच नाही. शुल्क कागदावर एक्सपोर्टरचं आणि व्यापाऱ्याच्या हिशोबपट्टीत आमचं.

डिसेंबरात तर कमालच. 7 तारखेला कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका म्हणून आदेश, 8 तारखेला कांदा निर्यात सरळ बंद. दोन दिवसांत दोन पिकं. आणि बंदी आली ती लाल कांदा मार्केटला यायच्या ऐन वेळेला. लाल कांदा चाळीत टिकत नाही रे, काढला की विकावाच लागतो. काही दिवसांत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. इकडे नाशिक जिल्ह्यात चांदवडला रास्ता रोको झाला, शरद पवारसाहेबपण येऊन गेले, भाषण चांगलं झालं म्हणतात. फक्त 2010 च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली तेव्हा देशाचे कृषिमंत्री कोण होते ते तू आठव, मी लिहीत नाही. म्हणून म्हणतो पक्षाचं नाव काढू नकोस, खुर्चीवर बसला की प्रत्येकाला दिल्लीतला कांदाच दिसतो. 1998 मध्ये दिल्ली राज्याची सत्ता कांद्याने घालवली, ती भीती अजून उतरलेली नाही.

आणि भीती दोन्हीकडची आहे हे पण बघ. बंदी 31 मार्चपर्यंत म्हणाले, मग वाढवली, एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2000 टनांची परवानगी दिली, इकडे सगळे पेटले, आणि 4 मे 2024 ला बंदी उठली. नाशिकचं मतदान 20 मेला होतं. उठली तरी टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क होतंच, शेजारच्या दिंडोरीत सत्ताधारी उमेदवार पडायचा तो पडलाच. म्हणजे आमच्या मालाचा भाव पीक किती आलं यावर नाही तर मतदान कुठे आणि कधी आहे यावर. असल्या सरकारच्या हातात तू हमीभाव पण द्यायला निघालास!

तू म्हणशील गरिबाने 80 रुपयांनी कांदा घ्यायचा का. प्रश्न बरोबर आहे, टाळत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाचेक किलो कांदा लागतो, 30 चा 70 झाला तर 200 रुपये जास्त. ज्याला ते झेपत नाहीत त्याला सरकारने 200 रुपये द्यावेत, खुशाल द्यावेत, पण तिजोरीतून, आमच्या चाळीतून नाही. आता तुझ्यासारख्या पगारदारांचा कांदापण मीच स्वस्त करून द्यायचा का? तुझ्या कंपनीला उद्या सकाळी नोटिफिकेशन आलं, आपल्या बँकांना सॉफ्टवेअर महाग पडतंय सबब आजपासून अमेरिकेला विकायचं बंद, तर तुम्ही हिंजवडीत काय कराल? आम्ही तेच चांदवडला केलं.

माझा खरा मुद्दा हा आहे बघ. लाडकी बहीणवर तू तासभर बोलतोस, रेवडी रेवडी म्हणतोस, आणि मलाही ती योजना पटत नाही (आमच्या हिला येतात 1500, आणि नको म्हणण्याइतकी ती वेडी नाही). 2025-26 च्या बजेटात तिला 36,000 कोटी, आणि राज्याचं कर्ज 9 लाख कोटींच्या वर. पण निदान ते आकडे छापलेले आहेत, त्यावर विधानसभेत आरडाओरडा होतो, तू चिडू शकतोस. निर्यातबंदीने शेतकऱ्याच्या खिशातून किती गेले ते कुठल्या बजेटात आहे? कुठेच नाही. ना कर लावल्याचं बिल, ना चर्चा, बाबूने एक पान काढलं आणि झालं. मग त्याच्यातलंच थोडं अनुदान, थोडं सन्मान निधी, थोडं कर्जमाफी म्हणून परत येतं, वर फोटो छापून, आणि आम्ही हात जोडायचे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे. ते स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन हिशोब मांडत बसले, आणि 1980 च्या आंदोलनात आमच्या वडलांच्या पिढीला रस्त्यावर आणलं ते "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत. आज पोरं त्यांचा फोटो लावून अनुदान वाढवा म्हणून मोर्चा काढतात, काय बोलायचं.

2020 ची गंमत तर तुला माहितीच नसेल. जूनमध्ये वटहुकूम काढून कांदा आवश्यक वस्तू कायद्यातून, म्हणजे साठ्यावर मर्यादा घालणाऱ्या कायद्यातून, जवळपास मोकळा केला. त्यावर भाषणं चालू होती, बिल संसदेत होतं, आणि त्याच सप्टेंबरच्या 14 तारखेला निर्यातबंदी. एका हाताने बेडी काढताना दुसऱ्या हाताने घातली. पुढे हा बदल धरून शेतीचे ते तिन्ही नवे कायदेच मागे घेतले, 1955 चा कायदा जसाच्या तसा बसलाय.

खरेदी केंद्राचं पण सांगतो, कारण "सरकारने सगळं घ्यावं" हे तुझं लाडकं वाक्य. ऑक्टोबरात चाळ फोडली की वरचा थर ठीक असतो, खाली हात घातला की ओला लागतो, वास येतो, कोंब आलेले बाजूला काढायचे, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी, काळी पडलेली वेगळी, बायका दिवसभर बसून निवडतात. असा निवडलेला माल एका केंद्रावर नेला तर तिथल्या पोराने मूठभर कांदे हातात घेऊन साईज बसत नाही म्हणून ट्रॉली परत पाठवली. तोच माल संध्याकाळी व्यापाऱ्याने घेतला, भाव पाडून, पण घेतला आणि पैसे दिले. व्यापारी काही देव नाही, मला माहितीये, लिलावात एकी करून भाव पाडतात तेव्हा मीच शिव्या देतो. पण चार व्यापारी पटले नाहीत तर पाचव्याकडे जाता येतं, सरकारच्या पुढे कुठे जाऊ?

आता शुल्क नाहीये, 1 एप्रिल 2025 पासून शून्य. झालं ना तुझ्या मनासारखं, असं विचारशील. पण दर दोन वर्षांनी अचानक माल बंद करणाऱ्याकडून कोण घेईल? बांगलादेशाने आपली लागवड वाढवली, श्रीलंका-आखातवाले दुसरीकडे वळले. गिऱ्हाईक तुटलं की एका नोटिफिकेशनने परत येत नसतं.

मला सरकारकडून दिवसा लाईट हवी, पाणंद रस्ता हवा, आणि व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर कोर्टात निकाल माझ्या हयातीत लागावा. यावर तू म्हणशील हे पण खर्चच आहेत. आहेत, करा की.

ट्रॅव्हल्सने एक गोणी पाठवतोय, वाकडला उतरवून घे, निवडून भरलेली आहे. पैसे पाठवू नकोस, पण हमाली तू दे, तेवढं अनुदान मला परवडत नाही. काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या