विस्कॉन्सिनच्या काकांस, रिव्हिअरहून

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत आभाराच्या चार ओळी मी त्याच दिवशी पाठवल्या होत्या, पण त्यांनी माझंच समाधान झालं नाही. माझी भाची तुम्हाला फोनवर हे वाचून अर्थ सांगणार आहे. आणि इतरांनाही कळावं म्हणून हे बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दुरुस्तीसाठी तुमच्याकडे दिलेल्या दादाच्या जुन्या रेकॉर्डींचं पार्सल मंगळवारी आलं. मी बुधवारपर्यंत उघडलं नाही. हिंमत होत नव्हती. कारण त्याआधी एकदा असं पार्सल उघडून मी रडले होते.

आम्ही १९७८ साली पुण्याहून इथे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिव्हिअरला आलो. बाबांना शेजारच्या लिन गावी कारखान्यात नोकरी मिळाली होती. दादा पंधरा वर्षांचा, मी दहाची. पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी खिडकीतून काहीतरी वाजवल्याचा आवाज आला आणि आई पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "इथे कोण ताशा वाजवतंय?" दादा चपला न घालताच पळाला, त्याच्यामागे मी. मैदानावर ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स या ड्रम कोअरची तालीम चालली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रम कोअर म्हणजे शाळेचा बँड नव्हे. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. तेव्हा तर फक्त बिगुल, ढोल आणि झेंडे. वयाची अट तेव्हा एकवीसची. उन्हाळाभर पोरं बसने गावोगाव फिरणार, मैदानावर झोपणार आणि अकरा-बारा मिनिटांच्या एका खेळासाठी जीव टाकणार. तेव्हा टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले मोठे नगारेसुद्धा गळ्यात अडकवून चालत चालत वाजवायचे. एकेकाकडे एकेक टिंपनी, म्हणजे एक सूर वाजवायला एक माणूस! लान्सर्स याच गावचे, १९६७ साली उभे राहिलेले. दादा कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभा राहायचा. घरी आला की बोटांवर जाळीचे वळ असायचे.

तो कधी कोअरमध्ये गेला नाही. बाबांना ते पटलं नसतं आणि त्यानेही विचारलं नाही. मग त्याने रेकॉर्डी जमवल्या. फ्लीटवूड ही कंपनीही आमच्या रिव्हिअरचीच. कोअरच्या स्पर्धांच्या जुन्या रेकॉर्डी त्यांनीच काढलेल्या. सेकंडहँड दुकानांतून एकेक उचलत त्याने दोन खोकी भरली. पण त्याचा जीव होता ड्रम कोअर इंटरनॅशनल या स्पर्धेच्या १९८० च्या अंतिम फेरीच्या रेकॉर्डवर. बर्मिंगहॅम, अलाबामा. कॅलिफोर्नियाचे ब्लू डेव्हिल्स पहिले आले आणि आमचे लान्सर्स दुसरे. शेवटाला त्यांचं ते 'डॅनी बॉय' हे जुनं गाणं. बिगुल एवढे हळू सुरू होतात की रेकॉर्डची खरखर त्यांच्यापेक्षा मोठी वाटते. मग ते वाढत जातात, वाढत जातात आणि सूर संपायच्या आतच सगळं स्टेडियम उठतं. तो लोकांचा आवाज ऐकताना दादा दर वेळी डोळे मिटायचा.

लान्सर्सचा शेवटचा हंगाम १९८६ चा. १९९४ साली आमच्याच राज्यातल्या फॉक्सबरोला जुनी मंडळी परत एकदा मैदानात उतरली, तेव्हा दादा मला घेऊन गेला होता. सहा वर्षांपूर्वी दादा गेला. खोकी माझ्या बेसमेंटमध्ये आली आणि मागच्या थंडीत पाइप फुटला.

पाणी उपसेपर्यंत कव्हरं लगदा झाली होती. एकाने सांगितलं, रेकॉर्डला पाण्याने काही होत नाही, कागदाचं मात्र विसरा. तिथपर्यंत ठीक होतं. मग मी त्या एका जागी सगळं पाठवलं, जुन्या रेकॉर्डी साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणारे. चार महिने उत्तर नाही. शेवटी जे आलं ते ऐकवेना. खरखर काढण्याच्या नादात त्यांनी यंत्राला मोकळं सोडलं होतं. स्नेअरचा, म्हणजे त्या कडक वाजणाऱ्या छोट्या ढोलाचा ठोका क्षणभराचा आणि धारदार. यंत्राला तो ओरखड्याचा टिक् वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. ढोलांच्या रांगेचे दातच पाडले होते हो. आणि लोकांचा गलका "पार्श्वभूमीचा आवाज" म्हणून दाबून टाकला होता. मी तक्रार केली तर उत्तर आलं की आवाज आता आधीपेक्षा स्वच्छ आहे. दुसऱ्या एका संग्राहकाने तर खोकी नुसती पाहून सांगितलं, याला काही किंमत येणार नाही, टाकून द्या. किंमत मी विचारलीच नव्हती.

तुम्ही मला ओळखतही नव्हता. तुम्ही साठच्या दशकात एका पिस्टनचा बिगुल वाजवलेला माणूस, १९७२ ला तुमच्याच विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झालेली त्याच स्पर्धेची पहिली अंतिम फेरी गवताच्या उतारावर बसून पाहिलेला. फोनवर तुम्ही मला पहिलं काय विचारलंत? "कुठला भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे?" त्या आधीच्या दोघांना हे विचारावंसं वाटलं नाही. तुम्ही एकेक टिक् कानाने ऐकून काढलात, ठोक्यांना हात न लावता. मी आता ऐकते तेव्हा ढोल जागच्या जागी आहेत आणि लोक उठतात तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. हा आवाज आता क्वचितच कुठे निघतो. स्पर्धेत २००० पासून कुठल्याही सुराची पितळी वाद्यं चालतात, २००४ पासून माईक, २००९ पासून इलेक्ट्रॉनिक्स. आजची मुलं फार सुंदर वाजवतात, त्याबद्दल वाद नाही. पण ते जुने 'जी' सुराचे बिगुल, तो थोडा खरबरीत, छातीवर येणारा आवाज, तो आता बहुतेक या काळ्या तबकड्यांतच उरला आहे.

पण काका, मला लिहायचं आहे ते आतल्या पाकिटाबद्दल.

१९८० च्या रेकॉर्डचं आतलं कागदी पाकीट फाटून पाच तुकडे झाले होते. पहिल्या ठिकाणाहून ते परत आलंच नव्हतं असं मी धरून चालले होते. ते चिकटलेलं होतं बाहेरच्या कव्हरला, आणि तुम्ही ते सोडवलंत. त्यावर दादाचं पेन्सिलीचं अक्षर आहे. तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते उलटं आहे की सुलटं हेही कळायला मार्ग नव्हता. तरी तुम्ही ते तुकडे वाळवून, जुळवून, पारदर्शक पिशवीत घालून पाठवलेत. आणि रेकॉर्डला जे नवं पांढरं पाकीट घातलंत, त्यावर बरोबर त्याच कोपऱ्यात, त्याच तिरक्या ओळीत, ती अक्षरं स्वतःच्या हाताने काढलीत.

मी ते भिंगाखाली पाहिलं. तुम्ही आधी पट्टीने वरची रेघ मारली आणि मग तिला एकेक अक्षर टांगलंत. आम्ही आधी अक्षर काढतो, रेघ शेवटी मारतो. 'ठ' पूर्ण गोल आला आहे, कंपासने काढल्यासारखा. दोन ठिकाणी खोडून परत काढल्याच्या खुणा आहेत. दादाची पेन्सिल जिथे मोडली होती तिथला ठिपकाही तुम्ही काढला आहे, कारण तो अक्षराचा भाग आहे की नाही ते तुम्हाला ठरवता येईना. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही एवढंच लिहिलंत की लिहिणाऱ्याने पेन्सिल फार दाबली आहे, म्हणजे ते महत्त्वाचं असणार.

सत्तरी उलटलेला माणूस टेबलावर दिवा ओढून न समजणाऱ्या लिपीतली दीड ओळ काढत बसतो, अनोळखी बाईच्या भावासाठी. मी माणसांबद्दल मनात बरंच कडू साठवलं होतं या वर्षात. ते कुठे गेलं कळलं नाही. चांगुलपणा असतो हो, आणि तो असा कोणी न पाहता पट्टीने रेघ मारत बसलेला असतो.

त्या दीड ओळीचा अर्थ तुम्ही अजून विचारला नाहीत, माझं खासगी असेल म्हणून. तर सांगते. मी बारा वर्षांची होते. दादा कामावर गेला की मी चोरून ही रेकॉर्ड लावायचे आणि एकदा घाईत सुई आपटून मी 'डॅनी बॉय'च्या आधी ओरखडा पाडला. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी पाकिटावर हे लिहिलेलं होतं, आता तुमच्याही अक्षरात आहे:

"चिमे, रुंद रेघेनंतर दोन बोटं. सुई अलगद ठेव."

तुमची,
चिमी